गोणपाटामागचा हात

बनाबाईंना सुलतानबी पहिल्यांदा दिसली ती मनगटापर्यंतच. साल एकाहत्तर असावं, शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका जिन्याखाली मीरासाबांचं पेनदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, काचेची पेटी आणि मागं गोणपाटाचा पडदा. पडद्याआड नवराबायकोची राहायची खोली. त्या पडद्याच्या कडेनं हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला, चहाचा कप फळीवर ठेवला आणि परत जाताना तिथले दोन पेन उचलून घेऊन गेला. अंगठ्याच्या नखात शाई मुरलेली होती. चहा देणाऱ्या हाताला शाई कशी, असं बनाबाईंच्या मनात आलं. पण उचगावहून बसनं यायचं, साठ पोरांचा वर्ग सांभाळायचा आणि परत जाऊन चूल पेटवायची, यात तो विचार तिथंच राहिला.

त्या आल्या होत्या गळक्या पेनाची तक्रार घेऊन. लुगड्यावर निळा डाग पडला होता.

"अर्धा रिकामा ठिवताय न्हवं?" मीरासाब म्हणाले. "ह्यो ड्रॉपरनं भरायचा पेन. शाई कमी झाली की हाताच्या उबंनं आतली हवा फुगती आन् शाई भाईर ढकलती. काठोकाठ भरायचा. पेन उपाशी ठिवला की वकतोय, बाई."

"माणूस जास्त झालं की ओकतं, चाचा."

"माणूस आन् पेन सारखंच असतं तर मी डाक्टर झालो असतो की!"

मग त्यांनी तीन पेन फळीवर मांडले. एक ड्रॉपरचा. दुसऱ्यात रबराची बारीक पिशवी. निब दौतीत बुडवून पत्र्याची पट्टी पाच वेळा दाबायची, सोडायची, आणि शेवटच्या वेळी दहा आकडे मोजेपर्यंत निब बाहेर काढायची नाही. तिसऱ्याचं बूड फिरवलं की आतला दट्ट्या वरखाली व्हायचा. "दट्ट्यात शाई लई मावती, पर बिघडला तर रडवंल. तुम्ही पिशवीवाला घ्या. पिशवी फाटली तर बदलून दीन." बनाबाईंनी पिशवीवाला घेतला. पंधरा दिवसांनी पेन साध्या पाण्यानं धुवायचा, हेही त्यांनी शिकून घेतलं.

दोन वर्षं पेनानं कुरकुर केली नाही. त्र्याहत्तरच्या सहामाहीला निब वाकली, म्हणून त्यांनी तो दुरुस्तीला टाकला. परत आला आणि लिहायला बसल्या, तर शिरोरेघ ओढताना निब कागदात रुतायची. बासष्ट प्रगतिपुस्तकं पुढ्यात. खाली येणारी दांडी गुळगुळीत, आणि डावीकडून उजवीकडं रेघ ओढली की चरचर. पुन्हा दुकानात दिला, पुन्हा तसाच आला. त्यात एका पोराच्या पुस्तकाचं पान फाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या तशाच तणतणत दुकानात गेल्या. फळीपाशी कापडवाले बाळासो उभे होते, आणखी दोघंतिघं होती. बनाबाईंनी पेन आपटला.

"चाचा, तुमचा हात बिघडला."

बाळासो मोठ्यानं हसले. "हात न्हवं बाई, डोळं! काल मला म्हाताऱ्यानं दुसऱ्याचाच पेन दिला. चाचा, आता पेन सोडा, शेंगदाण्याला कागदाचे भोंगे वळा."

मीरासाबांनी मान वर केली नाही. पेन चाचपून पेटीत ठेवला. हात फळीवरून चाचपत गेला, तो बनाबाईंनी पाहिला. बोललेलं मागं घेता आलं असतं. त्या घेऊ शकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी फळी उचललेली, दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बनाबाई बोळातून मागच्या दाराला गेल्या.

दार सुलतानबीनं उघडलं. चाळिशीची बाई, बनाबाईंच्याच वयाची, डोळ्यांखाली काळं. आत मीरासाब भिंतीकडं तोंड करून निजले होते.

"चार दिस झालं, जेवंनात," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हणत्यात, आता दुकानात बसणार न्हाय. बसलं न्हाईत तर माझ्याकडं कोण पेन टाकतंय, बाई? पडद्यामागनं समदं मीच करतोय. पिशव्या आधीपास्नं माझ्याच हातच्या. निबा तेवढ्या त्यांच्या. ह्या पावसाळ्यापास्नं त्या बी दिसंनात."

"माझी निब तुम्ही केली?"

"मीच. चांगली चालतीया की! बघा." तिनं पेन शाईत बुडवला आणि कागदावर टेकून सर्रकन रेघ ओढली. उजवीकडून डावीकडं. पुन्हा ओढली, तशीच. रेघ लोण्यासारखी उमटली.

बनाबाई बघतच राहिल्या. "भाभी, उलटी का ओढता?"

"उलटी कुठं? ल्हानपणी मशिदीत चार अक्षरं शिकलोय, ती अशीच जात्यात. तुमचंच उलटं हाय."

थकलेल्या बनाबाईंना चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. निबेला दोन पाती असतात. त्यातलं एक केसभर खाली राहिलं की एका बाजूनं ती छान पळते आणि दुसऱ्या बाजूनं कागद ओरबाडते. सुलतानबी तिच्या बाजूनं तपासत होती. कोल्हापूर दुसऱ्या बाजूनं लिहीत होतं. बनाबाईंनी तिचा हात धरून डावीकडून रेघ ओढवली. चरचर झाली. सुलतानबीनं जीभ चावली, नखानं एक पातं हळूच उचललं, परत ओढली. तासाभरात निब दोन्हीकडून चालू लागली.

"अक्षरंही शिकवते. नाव तरी लिहा."

"नको बाई. रेघ पुरं हाय. हात भरून येतोय."

मग बनाबाई मीरासाबांच्या उशाशी बसल्या. "चाचा, चूक माझी. शाळेचा कागदच रद्दी होता. चांगल्या कागदावर पेन झकास चालतो." खोटं बोलणाऱ्या पोरांना त्या बाकावर उभं करत. मीरासाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग म्हणाले, "कागद बघून घ्यायचा, बाई. पेनाला काय दोष देता?"

सोमवारी फळी पडली. बनाबाईंनी बाळासोंच्या देखत पाच ओळी लिहून दाखवल्या. बाळासोंनी वाकून बघितलं आणि आपला पेन पुढं सरकवला.

पुढं सहा वर्षं मीरासाब फळीवर बसून गिऱ्हाइकांना पेन कसा भरायचा ते सांगत राहिले. पडद्यामागं घरकाम उरकून, दुपारची झोप टाकून, सुलतानबी रद्दीवर डावीकडून रेघा ओढत राहिली. कागदाच्या त्या खोट्याबद्दल मीरासाबांना किती ठाऊक होतं, ते बनाबाईंनी कधी विचारलं नाही.

एकोणऐंशीला मीरासाब गेले. चाळीस दिवसांनी सुलतानबी स्वतः फळीवर बसली. लोक यायचे, "कारागीर गेला की" म्हणून परत जायचे. महिन्याभरानं बाळासो आले. दुसरीकडं दुरुस्त केलेला पेन त्यांनी पुढं केला.

"मीरासाबचा हात न्हाय कुणाला, वहिनी. बघा कसा खरडतोय."

"ठिवा," ती म्हणाली. "उद्या न्या."

दुसऱ्या दिवशी बाळासोंनी उभ्यानंच कागदावर नाव लिहिलं. मग निबेकडं बघितलं, तिच्या नखाकडं बघितलं आणि टोपी सारखी केली. त्यांनी कुणाला काय सांगितलं कोण जाणे, पण पेन येऊ लागले. नंतर बॉलपेन आले आणि शाईचे कमी होत गेले.

दोन वर्षांपूर्वी तिनं फळी कायमची उचलली. सुलतानबी आता कागलला, तिथं दिलेल्या मुलीकडं, रशिदाकडं असते. दुपारी जेवण झालं की दोन तास झोपते.