माझ्या द्राक्षांनी ओढून नेलेलं जाळं

आंब्याच्या बागेवरून जहाज चाललेलं पाहिलं आणि मी लेकीला म्हटलं, "ऋता, गाडी थांबव. मला ऊन लागलंय बहुतेक."

"ऊन नाही आई, सुएझचा कालवा आहे," ती हसून म्हणाली.

इजिप्तमधलं इस्माइलिया हे गाव कालव्याच्या काठी आहे. कालवा सपाट वाळूत खोदलेला, त्यामुळे लांबून पाणी दिसतच नाही. झाडांच्या शेंड्यांवरून कंटेनरांची चवड तेवढी सरकताना दिसते. आमच्या दिंडोरीत कालवा म्हणजे बागेला पाणी देणारा, म्हशी डुंबतात तो. मी आ वासून बघत राहिले.

इतक्या लांब येण्याला दोन कारणं होती. एक ऋता. ती इथल्या विद्यापीठात पाण्यातल्या जिवांवर संशोधन करते. दुसरी माझी द्राक्षं. यंदाचा माल कंटेनरमध्ये भरून युरोपला निघाला होता. मधल्या काळात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची, यंदा आमचं कालव्यातून जाणार होतं. इतकी वर्षं माल पाठवला, पण पॅकहाउसच्या दाराबाहेर त्याचं काय होतं ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. जहाज कुठवर आलं ते ऋताच्या मोबाइलवर दिसायचं. सोमवारी सकाळी ते इस्माइलियापुढून जाणार, असं कळलं.

"मग अम्म सय्यदच्या नावेत बसूनच बघ," ऋता म्हणाली.

अम्म सय्यद (अम्म म्हणजे काका) हा साठी ओलांडलेला कोळी. ऋताला अभ्यासासाठी लागणारे जीव तोच पकडून देतो. कालवा जिथे एका तळ्यातून जातो, तिथे जहाजांच्या वाटेच्या कडेला तो संध्याकाळी जाळं टाकतो आणि उजाडताना उचलतो. जहाज यायच्या आत जाळं वर आलंच पाहिजे, हा तिथला पहिला नियम. त्याच्याकडे जाळं एकच होतं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं हिवाळाभर घरी बसून विणलेलं. मी गाठी न्याहाळून पाहिल्या. घड वाचवायला आम्ही बागेवर पक्ष्यांची जाळी टाकतो, ती फाटली की मीच सांधते, त्यामुळे मला त्यातलं कळतं. काम सुरेख होतं.

"अम्मांना सांग, तुमच्या बायकोचा हात चांगला आहे," मी म्हटलं.

ऋतानं अरबीत सांगितलं. म्हातारा खूश झाला. "ती म्हणते जाळं तिचं आहे, मी नुसता ओझ्याचा बैल," तो म्हणाला आणि जाळं ओढू लागला.

पहिला जीव नावेत पडला आणि मी पाय वर घेतले. कोळंबीसारखं अंग, वीतभर लांब, पण पुढे दुमडलेले दोन हात, अगदी आमच्या वेलींवर हात जोडून बसणाऱ्या हिरव्या किड्यासारखे. त्या हातांना कंगव्यासारखे काटे. डोळे दांड्यांवर, आणि एक माझ्याकडे बघतोय तर दुसरा अम्मकडे!

"ह्याला मँटिस श्रिम्प म्हणतात," ऋता म्हणाली. "चिखलात बीळ करून राहतो. शिकार जवळ आली की हात असा फेकतो की डोळ्याला दिसतही नाही. आत्ता जाळ्यात नरच जास्त आहेत बघ. माद्या अंड्यांचा गोळा हातात धरून बिळात बसतात. तोवर जेवतही नाहीत."

"उपाशी?"

"उपाशी. आणि हे मूळचे तांबड्या समुद्रातले. माणसानं कालवा खोदला, हे त्याच वाटेनं पार भूमध्य समुद्रात जाऊन पोचले."

म्हणजे हाही आमच्यासारखा एक्स्पोर्टचाच माल. मला एकदम आपुलकी वाटली, आणि तिथेच घात झाला. आम्हा द्राक्षवाल्यांना एक सवय असते. घड कधी मण्यांना हात लावून उचलायचा नाही, मण्यांवरची पांढरी लव पुसली जाते. देठालाच धरायचं. जन्म गेला त्यात. मी तो जीव तसाच, शेपटाच्या टोकाला अलगद धरून उचलला.

"ला, ला!" (नको, नको!) अम्म ओरडला.

शेपटाचे काटे बोटांत घुसले, अंग धनुष्यासारखं वळलं आणि काहीतरी खाडकन अंगठ्यात शिरलं. मी पाहिलं तेव्हा रक्ताची धार लागली होती. मी मोठी धीराची बाई म्हणून गावात मिरवते. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ऋताच्या अंगावर कोसळले.

शुद्धीवर आले तर नाव काठाला लागत होती. जाळं अर्धंच वर घेऊन झालं होतं. अम्मनं त्याला तरंगता डबा बांधून ते सगळं पाण्यात सोडलं होतं. अंगठ्यावर फडकं आवळून तो परत निघणार, तेवढ्यात भोंगा वाजला.

जहाज वेळेच्या आधी आलं होतं. कालव्यात काय चाललंय ते मला आधी पाण्यावरून कळलं. काठाचं पाणी मागे सरकायला लागलं, कुणी खालून शोषून घ्यावं तसं, आणि चिखल उघडा पडला. मग ती लोखंडी भिंत आली. अम्मचा डबा एकदा डोलला, दोनदा डोलला, जहाजाकडे ओढला गेला आणि दिसेनासा झाला. मागून लाट आली ती आमच्या गुडघ्यांवर आपटली.

ऋता मोबाइलकडे बघत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "हेच तुझं."

ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून आले, ते जहाज समोरून गेलं आणि मला त्याच्याकडे बघवेना.

"काय आहे त्यात?" अम्मनं विचारलं.

"द्राक्षं. आईची."

"माअलेश," (जाऊ दे) तो म्हणाला. "जन्मभर जहाजं बघतोय. आत काय असतं ते आज कळलं."

मी पर्स उघडली. त्यानं माझा हात पर्ससकट बाजूला सारला आणि आम्हाला घरी जेवायला नेलं. त्याच्या बायकोला त्यानं दारातच सगळं सांगितलं. नावेत आलेले होते तेवढे जीव तिनं मिठाच्या पाण्यात उकडले, कात्रीनं कडा कापून गोडसर मांस माझ्या ताटात ठेवलं आणि मग कोपऱ्यात बसून सुताचा नवा गुंडा सोडवायला घेतला. मी जेवले. चव छान होती, हे सांगायचीही लाज वाटते.

एप्रिलात दिंडोरीला परतले तर काढणीनंतरची खरड छाटणी चालू होती. पेठकडून दरवर्षी कामाला येणारी सखुबाई कात्री थांबवून माझा अंगठा बघायला आली. मी सगळी हकिगत रंगवून सांगितली. दांड्यांवरच्या डोळ्यांच्या गोष्टीपर्यंत ती हसली, जाळं गेल्याचं ऐकून थांबली.

"मंग?"

"मग काय, मी पैसे देत होते. त्यानं घेतले नाहीत."

"पैसं कशाला घेईल त्यो?" सखुबाई म्हणाली. "आपल्यापायी कुनाचं काम बुडालं का आपन त्याच्याकडं सावडीला जातो. हाताचं हातानं फेडायचं. ती बाई एकलीच इनत बसली, तुम्ही दोन दिस तिच्यासंगं बसल्या नाय?"

"अगं, अंगठा..." मी म्हटलं.

"हां, त्ये बी हायच," ती म्हणाली आणि वेलीकडे वळली.

सावड (आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या) मला काय नवी होती? तिच्यावरच वाढले मी. पण त्या घरातून निघाल्यावर मी आठ दिवस इजिप्तमध्ये होते. पिरॅमिड पाहिले, उंटावर बसून फोटो काढले. अंगठा तर चौथ्या दिवशीच बरा झाला होता.