सुनंदानं कागद दिला होता

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. वेळ नव्हता असं नाही. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो. लाज होती. लाजेच्या खाली भीती होती. आता वय अठ्ठ्याहत्तर. घाबरायला फार काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

जर्सी सिटी. जानेवारी. संक्रांतीचा कार्यक्रम. मंडळानं एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं. दाराजवळ हळदीकुंकवाचं टेबल, त्याच्या शेजारी तिळगुळाचं, आणि त्याच्या शेजारी माझं. टेबलावर उभा केलेला एक पुठ्ठा: ‘व्हिसा आणि कोर्ट – माहिती’. अक्षर माझंच. नोकरी सगळी ड्रॉइंग काढण्यात गेली, त्यामुळे अक्षर बरं आहे.

मी वकील नाही. पण नियम बदलला की मी वाचायचो, सोप्या मराठीत एका पानावर उतरवायचो आणि वाटायचो. कुठला फॉर्म बदलला. कुठल्या व्हिसावाल्यांनी इतक्यात भारतात जाऊ नये. ज्यांचे इमिग्रेशन कोर्टात खटले होते, त्यांच्यासाठी दर शुक्रवारी कोर्टाच्या फोनवर त्यांचा नऊ आकडी नंबर दाबायचो. पलीकडून यंत्राचा आवाज पुढची तारीख सांगायचा. तारखा तीन-तीन, चार-चार वर्षं पुढच्या. वाट पाहून माणसं थकायची, तारखेचा विचार करणंच सोडून द्यायची. आणि मग एखाद्या दिवशी कोर्ट तीच तारीख अलीकडे ओढायचं. कळवायचं पत्रानं. पत्र चुकलं की सुनावणी चुकली. सुनावणी चुकली की न्यायाधीश तुमचं काही न ऐकता देशाबाहेर काढायचा हुकूम देतो. म्हणून ते टेबल होतं.

सुनंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पोळ्या तिच्याच. दोनशे, अडीचशे. वर्ध्याकडची. जातीबाहेरचं लग्न केलेलं. नवऱ्याच्या भावांनी भररस्त्यात मारली होती तिला. पाठीवर वळ नव्हता, खड्डा होता. पुढे नवराही भावांकडे गेला. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन ती इथे मावसभावाकडे आली आणि सरकारकडे आसरा मागितला. तिची केस चांगली आहे, असं फुकट काम करणारी वकीलबाई म्हणाली होती. पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत होती, दवाखान्याचे कागद होते. फक्त न्यायाधीशासमोर उभं राहून ते सांगायचं होतं. त्यासाठी तिनं सहा वर्षं वाट पाहिली होती.

त्या आठवड्यात तिनं बेसमेंटची खोली बदलली होती. पत्ता बदलला की पाच दिवसांत कोर्टाला कळवायचं. फॉर्म मी आधीच भरून ठेवला होता. तिनं सही केली. मराठीत. सावकाश. ‘न’वरचा अनुस्वार शेवटी, टिकलीसारखा.

“टाकसाल ना काका पोष्टात? मले तिथलं काही समजत नाही.”

“सोमवारी टाकतो.”

ती पोळ्यांकडे परत गेली.

तेवढ्यात अध्यक्ष आले. वय चाळीस-बेचाळीस. पुण्याचे. मोठी नोकरी. मागे त्यांचे तीन-चार मित्र, हातात कॉफी. हे सगळे ग्रीन कार्डाच्या रांगेत. बारा-बारा वर्षं झालेली, आणि रांग हलत नव्हती. त्यांचं दुःखही खरं होतं. ते मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

अध्यक्षांनी पुठ्ठा उचलून वाचला.

“काका, व्हिसाचं ठीक आहे. पण हे कोर्ट-बिर्ट कशाला? आपलं मंडळ आहे यार, फॅमिली क्राउड येतो. कोर्टात आपली माणसं नसतात.”

मी म्हणालो, “आज तुम्ही ज्या पोळ्या खाणार आहात, त्या करणारी आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं आडनाव त्यांना माहीत होतं. मंडळाच्या यादीत ते छापलेलंच असायचं. मी कधी लपवलं नाही. पण त्याबद्दल कुणी कधी बोललंही नव्हतं. त्या दिवशी बोलले.

“बरोबर आहे काका. रांग मोडून आत घुसायची तुमच्या लोकांना सवयच आहे. तिकडे कॉलेजात, इकडे बॉर्डरवर.”

मित्र हसले.

आणि मी हसलो.

अमरावतीला शाळेत मास्तरांनी मला पाण्याच्या माठापासून हाताला धरून बाजूला केलं होतं, तेव्हा मी हसलो नव्हतो. दहा वर्षांचा होतो, तरी मास्तरांकडे बघत उभा राहिलो होतो. सत्तरीत हसलो. कारण मला या हॉलमध्ये यायला आवडायचं. बायको गेल्यावर मराठी ऐकायला मिळायचं ते इथेच. ‘काका, या, बसा’ म्हणणारे हेच.

“आणि हो,” अध्यक्ष म्हणाले, “लायसन्स नसताना लीगल ॲडव्हाइस देणं इथे गुन्हा आहे. तुमच्या काळजीनं सांगतोय. मंडळ त्यात यायला नको.”

मग त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. खाली वाकून नमस्कारही केला. मी टेबल घडी केलं. पुठ्ठा, पानं, फॉर्म, सगळं पिशवीत कोंबलं. सुनंदाचा कागद त्यातच. घरी येऊन पिशवी कपाटात टाकली आणि कपाट लावून घेतलं.

मी रुसलो. दुसरा शब्द नाही. सोमवारी पोस्टात गेलो नाही. शुक्रवारी फोन लावला नाही. पुढच्याही शुक्रवारी नाही. करा म्हटलं तुमचं तुम्ही. हे ‘तुम्ही’ कोण होते? अध्यक्षांना माझ्या रुसण्यानं काय फरक पडणार होता? माझा अपमान वरच्यानं केला आणि मी सूड खालच्यावर उगवला. हे आम्हाला हजार वर्षं शिकवलेलं आहे. मी उत्तम शिकलो होतो.

एप्रिलमध्ये सुनंदा घरी आली. बरोबर मुलगी, रिया, नऊ वर्षांची. सुनंदाच्या हातात दोन लिफाफे. जुन्या खोलीचा मालक पत्रांचा गठ्ठा देऊन गेला होता.

“काका, वाचा बरं. सरकारी दिसते.”

पहिला लिफाफा फेब्रुवारीतला. सुनावणी अडीच वर्षं अलीकडे आणली आहे, मार्चमध्ये हजर राहा. दुसरा मार्चमधला. आपण गैरहजर राहिलात, सबब.

मी दोन्ही कागद दोनदा वाचले. वाचायचं काही नव्हतं. वेळ काढत होतो.

“काय म्हणते?”

मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली नाही, खाली फरशीवर बसली. ओरडली नाही. म्हणाली, “पण मी तो पत्त्याचा कागद देला होता ना तुमच्याजवळ? संक्रांतीले? का नुसता देतो म्हटलं न् विसरली मी?”

खोलीत रियाच्या टॅबलेटवर कसलं तरी कार्टून चालू होतं.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

तीन शब्द. माझं आयुष्य दोन भागांत कापलं गेलं ते तिथे.

ती गेल्यावर कपाट उघडलं. पिशवीत तळाशी कागद. सही. तारीख.

तेव्हा तरी मी वकीलबाईंकडे तो घेऊन जायला हवा होता. गेलो, पण कागद न घेता. दुभाषा म्हणून गेलो. सुनंदाला इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून तिनं मलाच बोलावलं होतं. लहानसं ऑफिस, खिडकीत सुकलेलं झाड. वकीलबाईंनी इंग्रजीत विचारलं, पत्ता बदलल्याचं कळवायला कुणी मदत केली होती का? केली असेल तर त्या माणसानं शपथेवर लिहून द्यावं. खात्री नाही, पण खटला परत उघडायला त्याचा उपयोग होऊ शकतो.

मी मराठीत विचारलं. सुनंदा माझ्याकडे पाहत म्हणाली, “मले वाटते मी काकांजवळ देला. हे काका. पण पक्कं नाही सांगत. उगाच कोनावर नाव नको घालायले.”

वकीलबाई माझ्याकडे पाहत थांबल्या. पेन हातात.

मी इंग्रजीत म्हणालो, “ती म्हणते, तिला नीट आठवत नाही.”

लायसन्स नसताना सल्ला, गुन्हा, हे शब्द डोक्यात घुमत होते. पण खरं सांगायचं तर तुरुंगाची भीती नव्हती. मला सुनंदासमोर लहान व्हायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी.

अर्ज नाकारला गेला. वर्षभरात दोघींना परत पाठवलं. निघायच्या आधी रिया आईला इंग्रजीत म्हणाली, मी ऐकलं, “मॉम, एकच तर पेपर मेल करायचा होता.” सुनंदानं मान खाली घातली. मी शेजारी उभा होतो. बॅगेला दोरी बांधत होतो.

मंडळात बोललं गेलं. बायकांच्या घोळक्यात, पार्किंग लॉटमध्ये. ‘अशिक्षित हो, काय करणार.’ ‘काका इतके जीव तोडून सांगायचे, पण ऐकणार कोण?’ मी ऐकत राहिलो. तिच्या चुकीवर माझा मोठेपणा वाढत होता.

पुढच्या गणपतीत मंडळानं माझा सत्कार ठेवला. ज्येष्ठ समाजसेवक. शाल, श्रीफळ. तेच अध्यक्ष माईकवर. म्हणाले, “सुनंदाताईंसारख्यांनी काकांचं वेळेवर ऐकलं असतं, तर आज त्या आपल्यात असत्या.” आणि शाल उलगडून माझ्याकडे आले.

शाल खांद्याला लागली. मी शाल काढून त्यांच्या हातात परत दिली. माईक घेतला.

म्हणालो, “अध्यक्षसाहेब, याच हॉलमध्ये तुम्ही मला रांग मोडणारा म्हणालात आणि मी हसलो. आज हसत नाही. तुमची शाल नको. माझं टेबल कुठे ठेवू ते सांगा. कोर्टाच्या पाटीसकट.”

एक आजोबा म्हणाले, “अहो, सणाचा दिवस आहे.” अध्यक्ष हळूच म्हणाले, “काका, माईक द्या. प्लीज.”

मी माईक खुर्चीवर ठेवला आणि निघालो. मागून दोन-तीन पोरी आल्या, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी. “काका, भारी बोललात.” त्यांना वाटलं मी बंड केलं.

अर्धं केलं. अपमान परत केला. गुन्हा खिशात ठेवला. माईक हातात होता, शंभर माणसं ऐकत होती, आणि सुनंदाचं नाव आत्ताच घेतलं गेलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी माझ्या इज्जतीचं बोललो, तिच्या इज्जतीचं बोललो नाही. ज्याला स्वतःवरचा अन्याय दिसतो आणि स्वतः केलेला दिसत नाही, तो विद्रोही नसतो. तो फक्त दुखावलेला असतो.

तेव्हापासून माझं टेबल एका लॉन्ड्रोमॅटमध्ये असतं. दर शनिवारी. कपडे धुवायला सगळेच येतात. आता नियम महिन्याला नाही, आठवड्याला बदलतात. कालचं पान आज खोटं ठरतं. तारखा कधी पाच वर्षं पुढे, कधी पंधरवड्यावर. मी वाचतो, लिहितो, फोन लावतो. पण कुणाचाही कागद घरी नेत नाही. सही झाली की त्या माणसाला घेऊन पोस्टात जातो, पावती त्याच्या हातात देतो, मगच परत येतो. लोकांना वाटतं म्हातारा फार काटेकोर आहे.

सुनंदा गेल्या पावसाळ्यात गेली. किडनी. दिरांच्या भीतीनं दोनदा गाव बदललं होतं, उपचार अर्धवट राहिले. रियानं फोन केला. ती आता सतरा वर्षांची आहे. मराठी चांगलं बोलते, पण रडू आलं की इंग्रजीत जाते. म्हणाली, “शी ऑलवेज सेड इट वॉज हर फॉल्ट, काका. शेवटपर्यंत.”

मी नोटरीसमोर बसून सगळं लिहून दिलं आहे. कागद, तारीख, वकीलबाईंना केलेलं खोटं भाषांतर. एक प्रत वकीलबाईंना दिली. पहिली प्रत रियाला पाठवली. हा मजकूर मंडळाच्या अंकात छापा म्हणून दिला आहे. छापला नाही तर दिवाळीच्या कार्यक्रमात दाराशी उभा राहून वाटीन. कुणी केस केली तर करू दे. कोर्टात उभा राहीन आणि तिथे हेच सांगेन. रियानं माझ्याशी बोलणं टाकलं तर तो तिचा हक्क आहे. मी माफ करा म्हणणार नाही. माफी मागायची ती एकाच बाईची होती.

सुनंदा जायच्या महिनाभर आधी मी तिला फोन केला होता. वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं, मोठ्या अक्षरात, चुकू नये म्हणून. तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, “काका, तुमी लय केलं आमच्यासाठी. मीच कमी पडली.”

मी म्हणालो, “सुनंदा, ऐक.”

ती थांबली. म्हणाली, “हो काका, बोला.”

मी म्हणालो, “औषधं वेळेवर घेत जा.”