चावी नको, बाळ्या

आज सुहासच्या अंत्यविधीला मी वीस मिनिटं उशिरा पोहोचलो. आणि त्याला कारण सुहासच.

आम्ही करी रोडच्या एकाच चाळीतले. मी नववीत शाळा सोडून पाना धरला. तो केमिस्ट्री शिकत गेला, शिकतच गेला.

चाळीचा टॉवर झाला. सुहास बाविसाव्या मजल्यावर, माझं गॅरेज मागच्या गल्लीत. संध्याकाळचा चहा मात्र माझ्याकडेच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट.

सावंतकाकांची बस आली. एकुलती एक बस. रोज सकाळी सहाला अँटॉप हिलहून नर्सेसना हॉस्पिटलला सोडायची. डॅशबोर्डवर धुराची लाइट पेटलेली, इंजिन जोर धरत नव्हतं. उद्या बस गेली नाही तर कॉन्ट्रॅक्ट गेलं.

काका म्हणाले, "कापून टाक ता डबडा. बॉक्स बसव, लाइट जाता. सगळे करतत."

खरं होतं. सगळे करत होते. सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा कापायचा, आतलं काढून फेकायचं, कॉम्प्युटरला फसवणारा बॉक्स लावायचा. मीही ग्राइंडर हातात घेतला.

तेवढ्यात सुहास चहाला आला.

ग्राइंडरकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"बाळ्या, आत काय आहे माहितीये?"

"जाळी."

"दगड आहे. झिओलाइट. डोळ्याला न दिसणारी भोकं, आणि त्या भोकांत तांबं. धुरातलं विष आणि वेगळ्या टाकीतलं युरियाचं पाणी त्या तांब्यावर भेटतात, आणि बाहेर पडतो साधा नायट्रोजन आणि वाफ. मी रोज लॅबमध्ये हेच करतो रे."

इतकी वर्षं चहा पाजला, पण हा लॅबमध्ये नेमकं काय करतो ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मग तो काकांकडे वळला. "डिझेल कुठून भरता?"

काका छताकडे बघायला लागले.

"बॅरलवालं ना, भेसळीचं? म्हणजे गंधक. तांब्यावर गंधक बसलंय, बाकी काही नाही. तापवलं की उडून जाईल."

"आणि नाही उडालं तर?" मी विचारलं.

"तर काप. मी अडवणार नाही. फक्त उद्यापासून चहा दुसरीकडे घेईन."

हसत म्हणाला. पण मी ग्राइंडर खाली ठेवला.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. त्याच्यावरून दगडाच्या पुढच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला सुरुवात केली, म्हणजे त्या धगीने मागचा दगड तापेल. इंजिन चढ्या आवाजात उभ्या जागी. सुहास तापमानाचा आकडा बघतोय, मी पाइपजवळ कान देऊन.

पाचशे डिग्री. साडेपाचशे.

आवाज बदलला. कढईत रवा भाजत आला की कसा हलका, कोरडा वाजायला लागतो, तसा.

"सुहास, आत काहीतरी पेटलंय."

"आकडा ठीक आहे."

दोन सेकंदांनी आकडा उडाला. सहाशे चाळीस. सहाशे ऐंशी.

काजळी माझ्या अंदाजापेक्षा फार जास्त होती. काका पाण्याची बादली घेऊन धावले. "ह्यो तुझो सायंटिस्ट माझी गाडी जाळतलो!"

माझा हात चावीवर गेला. तीस वर्षांची सवय. गरम झालं की बंद कर.

सुहासने माझं मनगट धरलं.

"चावी नको, बाळ्या."

"अरे, फुटेल."

"बंद केलंस तर फुटेल. हवा वाहतेय म्हणून उष्णता बाहेर पडतेय. हवा थांबली की आग आतच बसेल. फिल्टर वितळेल, माझा दगडही जाईल. काका, बादली खाली ठेवा."

सातशे दहा.

त्याची नजर आकड्यावर होती. माझं मनगट मात्र सोडलं नाही.

सातशे वीस. सातशे वीस. सातशे पंधरा.

रवा थांबला. मी म्हटलं, "उतरतंय."

हिंदमातापर्यंत बस फिरवून आणली. लाइट गेली होती. काका बसला नमस्कार करत होते, सुहासकडे बघायला लाजत होते.

सुहास म्हणाला, "तुझा कान माझ्या सेन्सरच्या आधी बोलला. आता चहा सांग."

ग्राइंडर अजून आहे. त्या कामाला पुन्हा उचलला नाही.

परवा रात्री सुहास गेला. झोपेत.

आज बाराला न्यायचं ठरलं होतं. सकाळी काकांची बस आली, तीच लाइट. दुपारी नर्सेसची पाळी. म्हटलं, होईल तेवढ्यात. काजळी जाळायला लावली. साडेदहाला सुहासच्या बायकोचा, वैशालीवहिनींचा फोन. "भाऊ, अकरालाच निघतोय. या."

आकडा सहाशेवर.

काका म्हणाले, "बंद कर. तू जा. बस गेली खड्ड्यात."

माझा हात चावीपर्यंत गेला.

तिथेच थांबला.

डोळे पुसत पाइपजवळ बसलो, आवाज उतरेपर्यंत.

पोहोचलो तेव्हा बुद्धवंदना सुरू झाली होती. वहिनींनी विचारलं, "भाऊ, इतका उशीर?"

"वहिनी, फिल्टर जळत होता."

त्या दिवसाचा किस्सा त्यांनी सुहासकडून कितीदा तरी ऐकला होता. म्हणाल्या, "मग चावी कशी काढणार."

सुहास, संध्याकाळी दोन चहा सांगितले. सवयीने.

जय भीम, मित्रा. मनापासून आदरांजली.