काट्यावरची बॅग

नव्या पोत्यांच्या बारदानाचा वास आला की अजून मला बाबांचा काटा आठवतो. मोताळ्याच्या अडत दुकानात बाबा धान्य मोजणारे मापारी होते. मस्कतला निघायच्या सकाळी त्यांनी माझी बॅग तिथल्या धान्याच्या काट्यावर ठेवली. पंचेचाळिशीत नोकरी गेली म्हणून वर्षभराच्या कंत्राटावर मी चाललो होतो. घरी मात्र, कंपनीच पाठवतेय, असं सांगितलं होतं.

पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची मापाऱ्यांची रीत. बाबा मात्र ‘लाभ’ म्हणाले नाहीत. काटा बघून म्हणाले, “किलोभर जास्त हाये.”

मी पापड काढायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला आणि तळातून कंपनीचं जाडजूड जाकीट ओढलं. खोटं टिकावं म्हणूनच मी ते भरलं होतं.

“तिकडच्या उन्हात हे काऊन नेऊन राह्यला बे? त्यायनं तुले काढलं ना?”

मी पापड परत बॅगेत सारले. त्यांनी बॅग पुन्हा काट्यावर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, “लाभ!”

तेव्हा मला नुसती शरम वाटली होती. वर्षानं परतलो, तर बाबा तेच जाकीट घालून काट्याजवळ बसलेले. छातीवरचं कंपनीचं नाव त्यांनी उसवून टाकलं होतं.