मामीने दाबायचं बटण

माझा मामा गाड्यांच्या सीटा शिवायचा. जन्मभर रेक्झिन ताणून आणि लाकडी चौकटीत बारीक खिळे बसवून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा चमच्यासारखा रुंद झाला होता. खिळा आधी अंगठ्याने दाबून उभा करायचा, हातोडी नंतर, ही त्याची पद्धत. कुणाच्या घरी बरणीचं झाकण अडलं की मामाला हाक जायची. तो यायचा आणि बरणी हातात घेण्याआधीच म्हणायचा, "राहू दे, मी करतो."

हे त्याचं पालुपद होतं. मामी पडदे काढायला स्टुलावर चढली की, राहू दे, मी करतो. मामी सुईत दोरा ओवायला बसली तरी, राहू दे, मी करतो. मामी एका कचेरीत टायपिस्ट होती, दिवसभर तिची बोटं यंत्रासारखी चालायची. ती वैतागून म्हणायची, "मी काय हाताला मेंदी लावून बसलेय?" आम्ही भाचरं हसायचो. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं बायका म्हणायच्या. मलाही तसंच वाटायचं.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत मामीला अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला. मामीने तो दोनदा दाबला आणि खिडकीतून खाली टाकला. "मी काय तान्ही आहे चेंडू खेळायला?" तोंडाने ती अजूनही कुणाला हार जाणारी नव्हती.

मामाकडे एक जुनी गाडी होती. मागची डिकी उघडायला नंबरप्लेटच्या वर एक बटण, त्यावर काळं रबर. मामीला फिरवायला न्यायचं, तर चाकांची खुर्ची त्याच डिकीतून काढायची आणि परत त्यातच ठेवायची. नदीकाठाहून परतताना एकदा मामा छत्री, पिशवी आणि शाल सांभाळत उभा होता. खुर्ची नेमकी डिकीसमोर, आणि बटण मामीच्या हाताच्या उंचीवर. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून तिथे नेला आणि अंगठा टेकवून दाबला. टक् झालं. डिकी वर गेली. मामी मामाकडे बघून म्हणाली, "आता म्हण, राहू दे, मी करतो."

त्या दिवसापासून ते बटण मामीचं झालं. ती खुर्चीत असताना मामाने हात लावायचा नाही. निघण्याआधी मामा तिचा उजवा हात तेल लावून चोळायचा, बोट न् बोट मोकळं करायचा, मग खुर्ची ढकलत गाडीपाशी न्यायचा. मामी अंगठा टेकवायची. टक्. हळूहळू डाव्या हाताचा आधारही लागेनासा झाला. पुढे ती उजव्या हाताने चमचा धरू लागली. एकदा माझ्या वाढदिवसाला तिने स्वतःचं नाव लिहून दाखवलं, वाकडंतिकडं, आणि वर मलाच सुनावलं, "तुझ्यापेक्षा बरं अक्षर आहे." मी तिच्या गळ्यात पडून रडले.

मग एक दिवस डिकी उघडली नाही. मामीने पुन्हा दाबलं. तिच्या कपाळावर घाम आला. मी तिथेच होते. मामा मागून वाकला आणि त्याच्या त्या रुंद अंगठ्याने बटण दाबलं. टक्. "दमलीयस आज," तो म्हणाला. "राहू दे."

पुढच्या खेपेलाही तेच झालं. मामाने तेलाची मालीश वाढवली. सकाळी चोळायचा आणि निघताना पुन्हा. तरी बटण हलेना, आणि मामाने दाबलं की लगेच डिकी उघडायची. तिघांनाही एकच गोष्ट दिसत होती. शेवटी मामी खुर्चीतच हात मांडीवर ठेवून म्हणाली, "हात परत चालला माझा." मामाने तिला थोपटलं. मीही थोपटलं. दुसरं काय करणार, असंच मला वाटलं.

त्यानंतर मामीने चमचा डाव्या हातात घेतला. बाहेर जायचं नाव काढलं की म्हणायची, "मला खिडकीपाशी बसव, पुरे." तोंडाचा पट्टाही बंद झाला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. तिच्या शिव्या खायला मी मुद्दाम उशिरा जायचे, तर ती नुसतं "ये" म्हणायची. थंडीत दुसरा झटका आला आणि मामी गेली.

खुर्ची डिकीतच राहिली होती. उन्हाळ्यात मामा म्हणाला, दवाखान्याला देऊन टाकू, कुणाच्या तरी कामाला येईल. पण डिकी उघडेना. आता मामाचाही अंगठा चालेना. म्हणून आम्ही गाडी फ्यूजकडे नेली. फ्यूज म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. डोकं पटकन उडतं म्हणून हे नाव, आणि त्याला ते आवडतंही.

मागची सीट पाडून मी आत रांगत गेले, कारण मामाचे गुडघे वाकत नाहीत आणि फ्यूजचं पोट आत मावत नाही. त्याने बाहेरून ओरडून सांगितलं तसं आतलं पत्र्यावरचं झाकण काढलं, पेचकसाने खटका सरकवला, आणि डिकी उघडली. मामीच्या खुर्चीवर तिची शाल तशीच घडी घातलेली होती. मामाने ती उचलून खांद्यावर टाकली.

फ्यूजने बटणाची पट्टी खोलली आणि रबर बाहेर ओढलं. ते फुगलेलं, चिकट, डांबरासारखं झालं होतं.

"काका, याला तेल कोण घालत होतं?" त्याचा आवाज चढला. "रबर तेलाने फुगतं. हे बघा, चौकटीत गच्च बसलंय. खालचा स्विच एकदम ठणठणीत आहे, पण दाब पोचणार कसा?"

"आत्ता अडकलं ते," मामा म्हणाला. "मी दाबत होतो तेव्हा उघडायचं."

"तुम्ही दाबाल हो! तुमचा अंगठा आहे का जॅक? हे आजचं नाही, वर्षभर तरी फुगत आलंय. साध्या माणसाच्या बोटाला गेले कित्येक महिने दाद दिली नसती याने."

मी फ्यूजला डोळ्यांनी खुणावत होते, पण तो पेचकसाकडे बघत होता. मामाने रबर त्याच्या हातातून घेतलं. मधोमध मामीच्या तेलकट अंगठ्याचा एक लहानसा खळगा पडला होता. मामाने आपला अंगठा त्यावर धरला. तो खळग्यात मावत नव्हता.

"म्हणजे तिचा हात..." मामा म्हणाला.

फ्यूजला काही माहीत नव्हतं. त्याने नवं रबर बसवलं, पट्टी आवळली आणि म्हणाला, "दाबून बघा."

मामाने दाबलं नाही. त्याने डिकीतून खुर्ची काढून उघडली, डिकी लावली आणि मला म्हणाला, "बस हिच्यात." मी बसले. "उजवा हात. जोर लावू नकोस. नुसता टेकव."

मी अंगठा टेकवला. टक्. डिकी वर गेली.

मामा गाडीला धरून उभा राहिला. "जमलं असतं तिला," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "जमत होतं तिला." आणि भर रस्त्यात, लोकांच्या देखत, माझा मामा शाल तोंडाला लावून रडला. मी त्याला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, मामी गेली त्या दिवशीही नाही.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले आणि खुर्ची मिटायला घेतली. खुर्चीची कळ सापडेना. मी पुढे झाले. "मामा, राहू दे, मी करते."

त्याने माझा हात बाजूला केला, रागाने नाही.

"असं कुणाला म्हणू नये गं," तो म्हणाला, आणि कळ शोधत राहिला. मी शेजारी उभी राहिले.