आठ महिने फक्त ताजं

थांबा, बाकी सगळं नंतर, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. वहिनीला कोल्हापूरच्या गाडीत बसवून मी आणि बाबा आत्ता घरी आलोय. बाबा पाणी पितायत आणि मी तशीच टाईप करत बसलेय, कारण संध्याकाळपर्यंत थांबले तर यातलं अर्धं विसरेन. काल रात्रीपर्यंत मला मनातून अगदी पक्कं वाटत होतं की वहिनी एकदा माहेरी गेली की लवकर काही परत यायची नाही. आणि कारण काय, तर बांगड्याचं शिळं सार. हसू नका. नीट सांगते.

आधी आमच्या घरातलं शिळ्याचं प्रकरण समजून घ्या. बाबा ऑफिसातून येताना मिरकरवाड्याच्या बंदरावर थांबून मासे आणतात. आई तिरफळं घालून त्याचं सार करते आणि रात्री आम्ही भाताबरोबर जेवतो. पण खरं जेवण ते नाहीच. खरं जेवण दुसऱ्या दिवशी सकाळी. आई मुद्दाम दोन-चार तुकडे आणि रस जास्तीचा ठेवते. रात्री एक उकळी काढते, सकाळी उठली की परत बारीक गॅसवर टोप चढवते. ते आटत जातं, कडेला तेल सुटतं, आमसुलाचा आंबटपणा पार माशाच्या आतपर्यंत पोचतो. बरोबर रात्रीचीच तांदळाची भाकरी, तव्यावर कडक केलेली. मला कोणी विचारलं ना, की ताजं सार हवं की शिळं, तर मी ताज्याकडे बघणार पण नाही.

बाकी पण तसंच. भात उरला तर फोडणीचा भात, भाकरी उरली तर कुस्कर, काटे मांजरीला, भाज्यांची सालं माडाच्या मुळाशी. कचऱ्याच्या बादलीत अन्न पडलेलं मी या घरात कधी बघितलेलंच नाही.

तर दादाचं लग्न ठरलं. मुलगी कोल्हापूरकडच्या एका गावातली. लग्नाला आठवडा होता तेव्हा आईने मला, दादाला आणि बाबांना स्वयंपाकघरात बोलवून सांगितलं, "नव्या सुनेच्या ताटात शिळं पडता कामा नये. तिला नुसता वास पण जाता कामा नये. कळलं?"

बाबांना लगेच चिंता. "मग सकाळच्या साराचं काय?"

"ज्यांना खायचंय त्यांनी पाठच्या दारी बसून खायचं."

बाबा म्हणाले, "माझ्याच घरात चोरून?"

"हो. चोरून."

आणि खरंच तसं सुरू झालं! वहिनी सकाळी आंघोळीला गेली की आमचा कार्यक्रम सुरू. पाठच्या दारी, धुण्याच्या दगडाजवळ, आई, बाबा आणि मी उकिडवे बसून भराभर खायचो. वहिनी बाहेर येईपर्यंत टोप घासून दगडावर पालथा. तिच्यासाठी टेबलावर गरम पोहे, नाहीतर उपमा, नाहीतर घावणे. दादा बिचारा तिच्यासोबत पोहे खायचा आणि कामावर जाताना पाठून येऊन उभ्याउभ्या एक तुकडा तोंडात टाकायचा. वर साबणाने दोनदा हात धुवायचा. मी त्याला म्हटलं, "अरे, बायकोला सांगून टाक ना." तर म्हणे, "आईला शब्द दिलाय. आणि शिळं खायचा आग्रह काय करायचा नव्या माणसाला?" मला पण ते पटलं तेव्हा.

आता वहिनीच्या बाजूने बघा. रात्री अर्धा भरलेला टोप सकाळी धुतलेला, पालथा. ती बिचारी रोज हेच बघायची. एकदा तिने मला विचारलं होतं. ती मला ताई म्हणते हां, मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान असून. म्हणाली, "ताई, रात्रीचं उरलेलं काय करता ओ तुम्ही?" आणि मी काय केलं? "ते सगळं आई बघते," असं म्हणून कॉलेजला पळाले. काय गरज होती पळायची! तेव्हाच बोलले असते तर पुढचं काही झालंच नसतं.

कारण वहिनीने आपला आपण अर्थ लावला, की ही माणसं उरलेलं अन्न फेकून देतात.

ती ज्या घरातून आली तिथे ताटात शीत राहिलं तरी बोलणी बसायची. पण नवी सून सासूला काय बोलणार? मग तिने तिच्या परीने उपाय काढला. रात्री काही उरूच द्यायचं नाही. आधी तिला मासे नीट खातासुद्धा यायचे नाहीत, एका बांगड्याचे काटे काढायला अर्धा तास. तरी सगळ्यांचं झालं की ती परत भात घ्यायची, परत सार घ्यायची, शेवटी उरलेलं वाटीत ओतून प्यायची.

आई नुसती फुलायची. "अजून हवंय? घे, घे. लाजू नकोस."

आणि बाबा रात्री हळूच टोपात डोकवायचे. "संपलं सगळं?"

"संपलं. सून खाते हो चांगलं."

"खाऊ दे, खाऊ दे," असं म्हणायचे, पण चेहरा बघवायचा नाही. मग एक दिवस आईच्या जवळ जाऊन हळूच, "अगो, वाईच जास्त कर ना. सकाळला राहील."

झालं! आईने चार बांगड्यांचे सहा केले. वहिनीने सहा संपवले. आईने आठ केले. मिरकरवाड्यावरच्या मासेवालीने बाबांना विचारलं, "भावजी, पाव्हणे किती दिवस राहणार हायत तुमच्याकडे?" आणि सकाळी पाठच्या दारी आम्ही तिघं कोरडी भाकरी चहात बुडवून खातोय. मी एकदा रागाने म्हटलं पण, की वहिनी जरा जास्तच नाही का खात? आईने असे डोळे वटारले. "कोणाच्या खाण्यावर बोलायचं नाही."

महिन्याभरापूर्वी वहिनीचं पोट बिघडायला लागलं. सकाळी उठली की मळमळ, आंबट ढेकर, ओवा चावतेय, चेहरा उतरलेला. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हसत हसत, "काय गो, गोड बातमी काय?" आई पण मनातून हरखली. आणि असं काही नव्हतंच. वहिनीने तसं सांगितल्यावर आई म्हणाली, "असू दे बाय, मग अशक्तपणा असेल," आणि तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. वहिनीने त्या तुकड्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ते मी विसरणार नाही. तरी खाल्ला तिने तो.

आणि परवा ती दादाला म्हणाली, "मी जरा माहेरी जाऊन येते."

"किती दिवस?"

"बघू."

त्या "बघू"ने घरातले सगळे गार पडले. तिने माळ्यावरची मोठी बॅग काढली, त्यात हिवाळ्याची शालसुद्धा भरली. आई दोन दिवस मला विचारतेय, "तू काही बोललीस काय तिला? खरं सांग." मी काहीच बोलले नव्हते.

काल रात्री वहिनी जेवलीच नाही. नुसता ताकभात घेतला आणि उठली. टोपात अर्ध्याहून जास्त सार राहिलं. बाबांचा चेहरा एक क्षण उजळला, मग तिच्या रिकाम्या जागेकडे बघून पडला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली असणार.

आणि आज सकाळी. दादा पहिल्या पाळीला गेलेला. वहिनी खोलीत बॅग भरत होती, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. आम्ही तिघं पाठच्या दारी. मन कोणाचंच नव्हतं खाण्यात, पण सार आटवलेलं होतं आणि टाकणार थोडंच? बाबांनी पहिला घास घेतला आणि आतून वहिनीचा आवाज आला, चालत चालत येतेय आणि बोलतेय, "आई, रात्रीचा टोप कुठाय? टाकलं का ते? टाकू नका ओ, मी खाऊन जाते!"

आणि दारात येऊन थांबली.

बाबांच्या तोंडात भाकरी, तशीच. आईच्या हातात पळी. माझी बोटं साराने भरलेली.

"तुम्ही... हे खाताय व्हय?"

तिने टोपाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"रोज खाता?"

बाबांनी घास कसातरी गिळला. "रोज म्हणजे... हल्ली तू संपवायचीस ना, म्हणून हल्ली नाही."

"तुम्ही गप्प बसा हो!" आई.

वहिनी पायरीवर बसलीच मटकन. "मला वाटलं तुम्ही टाकता. एवढं चांगलं अन्न टाकायला लागू नये म्हणून मी रोज रात्री... पोट फुटायची वेळ आली ओ आई माझी."

"अगो, मग सांगायचंस ना!"

"काय सांगू? अन्न टाकू नका, असं सासूला सांगू?"

"मला वाटलं तुला आवडतं म्हणून खातेस."

"आवडतंय की! पण आठ बांगडे?"

मला हसू फुटलं. खरंच आवरलं नाही. बाबांना पण. आईला मात्र नाही. ती टोपाकडे बघत म्हणाली, "शिळं तुला कसं देणार बाय मी?" आणि मग तिने जे सांगितलं ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. ती लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांचं जेवून जे उरायचं ते तिचं. कालची भाकरी, परवाची भाजी. घरात ताजं शिजलं तरी आधी शिळं संपवायचं आणि ते संपवायचं तिने. "तुझा नवरा पोटात होता तेव्हा पहिल्यांदा गरम भाकरी मिळाली मला. तेव्हाच ठरवलेलं मी, माझ्या सुनेला हे दाखवायचं नाही."

बाबा मान खाली घालून बसले. मला वाटायचं आईला शिळं आवडतं. म्हणजे आता आवडतं, पण ते असं सुरू झालेलं, हे मला कुठे माहीत होतं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्याकडं उलटं आहे. पाहुणा आला की ताजं. पाहुणा गेला की आई रात्रीच्या भाकरी काढती, दही, ठेचा, आणि मग आम्ही सगळी तिथंच बसून खातो. हसणं, खिदळणं, एकमेकांची टिंगल, सगळं त्या वेळेला. इथं मी आठ महिने टेबलावर पोहे खातेय आणि तुम्ही सगळी सकाळची कुठं जाता तेच कळत नव्हतं. वाटायचं, मला चुकवून काहीतरी चाललंय. मग म्हटलं, आपण पाहुणीच आहोत अजून. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?"

वहिनी आत गेली, ताट घेऊन आली आणि आईपुढे धरलं. "वाढा."

आईने पळी भरली. पण हात पुढे जाईना. खरंच जाईना, मी बघत होते. शेवटी तिने पळी टोपात सोडून दिली आणि म्हणाली, "माझ्या हातून नाही होणार ते. तू घे. तुझ्या हाताने घे, हवं तेवढं."

वहिनीने आईकडे बघितलं. मग मला म्हणाली, "सरक गं जरा." ताई नाही, काही नाही. सरक गं! मी सरकले. ती आमच्यात बसली, टोप पुढे ओढला, एक तुकडा घेतला, मसाला घेतला, भाकरी मोडली. पहिला घास खाऊन डोळेच मिटले तिने.

"हे तुम्ही आठ महिने लपवून ठेवलं होतं?"

"अगो, वास येऊ नये म्हणून केवढा आटापिटा," बाबा म्हणाले.

दुसरा घास खाऊन ती म्हणाली, "पण आटल्यावर मीठ वाईच जास्त होतंय, आई."

आई बघतच राहिली. "पहिल्यांदा नाव ठेवलंस माझ्या हाताला."

"पाहुणीनं नाव ठेवायचं नसतंय."

तेव्हा हसली आई. पदराने डोळे पुसले आणि मग स्वतःसाठी पण थोडं घेतलं.

गाडीची वेळ झाली होती. मला वाटलं आता जायची नाही, पण ती म्हणाली, "नाही, जाते. आई वाट बघत असणार, आणि पोटाला पण जरा ज्वारीची भाकरी आणि ताक मिळू दे." शाल मात्र बॅगेतून काढून कपाटात ठेवली. स्टँडवर खिडकीतून बाबांना सांगत होती, "मंगळवारी येते. त्या दिवशी बांगडे आणा, आणि चारच आणा."

"चार? पुरतील?"

"मी रात्री कमी खाते. सकाळचं ठेवायचंय."

आता आम्ही आल्यापासून आई तिसऱ्यांदा विचारून गेली, "मंगळवारी म्हणाली ना? नक्की मंगळवारी?" आणि दादाचे दोन फोन येऊन गेले, त्याला पण हेच विचारायचंय.

मला एवढंच सांगा, असं तुमच्याकडे झालंय का? मान म्हणून तुम्ही एखाद्याला चांगलंचुंगलं वाढत बसलात आणि तो बिचारा तुमच्यातलं शिळंपाकं मिळावं म्हणून झुरत होता? की तुम्हीच कधी कोणाच्या घरी वहिनीसारखे टेबलावर एकटे पोहे खात बसला होतात?