तिची पट्टी पांढरी पाच

आमच्या गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बायकोचा आवाज वर चढत नाही. ही गोष्ट खोटी आहे आणि ती गावात मी पसरवली. आता सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे खरं काय ते लिहून टाकतो.

चिखलीपासून जीपने अर्ध्या तासावर आमचं गाव. मी शाळेत लिपिक होतो. बासरी मात्र लहानपणापासून माझ्या हातात होती. पहिली बासरी जत्रेतली. जत्रेत विकणारा जशी वाजवून दाखवतो तशीच मी शिकलो: सहाही भोकं बंद करून फुंकायचं, तो सा. मग खालून एकेक बोट उचलत जायचं. सरगम आपोआप निघते, कुठे भोक अर्धं दाबायची कटकट नाही. आमच्याकडची सगळी पोरं अशीच वाजवतात.

नोकरी लागल्यावर चांगल्या बांबूची बासरी घेतली. फुंकायच्या भोकाजवळ इंग्रजी 'जी' हे अक्षर डागलेलं होतं. आमच्या भजनी मंडळातला पेटीवाला माझा वर्गमित्र. दोघांनी बराच विचार करून ठरवलं की ते कारागिराच्या नावाचं पहिलं अक्षर असावं. मग त्याने पेटी उघडली, मी सहाही बोटं दाबून सा लावला आणि तो पेटीवर शोधत गेला. दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर सूर जुळला.

"पांढरी दोनची आहे बे तुही बासरी," तो म्हणाला.

गाणारा पेटीच्या ज्या सुरावर आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. ज्याचा गळा जसा तशी त्याची पट्टी, आणि एरवी पेटीवाला प्रत्येकाला ती विचारून घेतो. आमच्या मंडळात ते विचारणं बंद झालं. मंडळात वाजेल अशी बासरी पंचक्रोशीत एवढी एकच, आणि ती पांढरी दोनमध्येच वाजते. म्हणून सगळे पांढरी दोनमध्ये गाऊ लागले. बहुतेक पुरुषांना ती चालायची. ज्यांना चालत नसे ते टाळ घेऊन मागे बसत. मला यात काही गैर वाटलं नाही. उलट छाती फुगायची.

माझं लग्न झालं. बायको पिंपळगाव राजाची. माहेरी ती आईच्या मंडळात गौळणी म्हणायची, आणि तिच्या गळ्याचं कौतुक माझ्या कानावर सोयरिकीच्या वेळीच आलं होतं. पहिल्याच एकादशीला मंदिरात सगळ्यांनी आग्रह केला. ती माहेरची गौळण म्हणायला बसली. पांढरी दोन तिला खाली धरली तर शब्द घशातच राहायचे, म्हणून तिने वरच्या सप्तकातला सा धरला. ध्रुपद कसंबसं निभावलं. अंतऱ्याला आवाज फाटला. बायकांच्या बाजूला कुणीतरी तोंडाला पदर लावला.

पेटीवाल्याने हात थांबवून मला विचारलं, "पट्टी बदलू काय? वहिनीले उंच पडून राह्यली."

तो फक्त हो म्हणायची वाट पाहत होता. पण पट्टी बदलली असती तर माझी बासरी मांडीवर पडून राहिली असती, कारण दुसऱ्या पट्टीत मला एक ओळही वाजवता येत नव्हती. नवीन लग्न, समोर सगळं गाव. मी म्हणालो, "राहू दे. तिचा आवाजच चढत नाही."

झालं. त्यानंतर ती मंदिरात कधी एकटी गायली नाही. बायकांच्या घोळक्यात टाळी वाजवून ध्रुपद उचलायची, तेवढंच. पुढे आमच्या मुलीला कुणी गायला सांगितलं की लोक म्हणत, "आईवर गेली असंल तर नाही चढणार." हे ऐकूनही मी गप्प राहायचो.

निवृत्तीनंतर चिखलीला बासरीचा वर्ग निघाल्याचं कळलं. बाजाराच्या रस्त्यावर एका दुकानाच्या वर खोली होती. शिकवणारे गुरुजी माझ्या मुलापेक्षाही लहान. मी रुबाबात बसलो. त्यांनी सा लावायला सांगितला. मी सहा बोटं दाबून फुंकलं.

"काका, हा सा नाही, पंचम आहे. प."

"सा आहे. इतकी वर्षं हाच लावून राह्यलो."

"वरची तीनच बोटं ठेवा. खालची तीन उचला. आता फुंका. हा सा." मग त्यांनी बासरी हातात घेऊन फिरवली. "इथे लिहिलंय ना, जी."

"ते कारागिराचं नाव आहे."

गुरुजींना हसू आवरेना. हातातला चहा त्यांनी खिडकीत ठेवला. "काका, जी म्हणजे पांढरी पाच. कारागिराने पट्टी लिहून दिली तुम्हाले. तुम्ही पंचमाला सा मानला म्हणून ती पांढरी दोन झाली. चूक म्हणू नका. एका बासरीत दोन पट्ट्या असतात, तुम्हाले एकच माहीत होती."

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता: खालची दोन बायकोला फार खाली, वरची दोन फार उंच, आणि पाच त्या दोन्हींच्या मध्ये पडते. जीपमध्ये बसल्यावरही तो सुटेना. पिंपळगावला बायका कोणत्या पट्टीत गायच्या हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नवीन सा लावणं सोपं होतं. त्याच्यावरचा मध्यम, म्हणजे म, कठीण. त्यासाठी सगळ्यात वरचं भोक अर्धंच दाबावं लागतं. माझं बोट एक तर पूर्ण उठायचं, नाहीतर पूर्ण बसायचं. गुरुजी सांगायचे, "बोटं मोजू नका. सा कुठे गेला ते ऐका. सा हलला की त्याच्यामागे सगळं घर हलतं." मी कांद्याच्या चाळीजवळ बसून अलंकार घोटायचो. शेजारच्या शेतातून आवाज यायचा, "काका, कांद्याले झोपवून राह्यले काय?" पण हळूहळू जमत गेलं. एकच ओळ आधी सहा बोटांच्या सा वरून वाजवायची आणि लगेच तीन बोटांच्या सा वरून. चाल तीच, घर दुसरं. पहिल्यांदा न अडखळता दोन्हीकडून वाजली तेव्हा मी चाळीजवळ एकटाच उभा राहिलो होतो. म्हातारपणी उभं राहायला कारण लागतं.

एका संध्याकाळी ओसरीत बसून मी तिच्या माहेरची ती गौळण वाजवली. नव्या सा वरून. ती आत मेथी निवडत होती. ध्रुपद संपता संपता तिचा आवाज आला, गुणगुणण्याएवढाच. अंतरा आला. मी मध्यमावर बोट अर्धं सरकवलं. तिचा आवाज वर गेला आणि तिथेच आरामात बसला, बाजेवर पाय पसरून बसावं तसा.

ती मेथीची जुडी हातात घेऊनच बाहेर आली. "आज बासरी कोणाची आणली?"

"आपलीच."

मी बोटं ठेवून दाखवली. ते अक्षर दाखवलं. त्या दिवशी पेटीवाला पट्टी बदलत होता आणि मीच थांबवलं, तेही सांगितलं. ती उंबऱ्यावर बसली आणि बराच वेळ पानं खुडत राहिली.

"मंग माहा गळा चांगला होता," ती म्हणाली.

"आहे."

"मंदिरात सांगसान हे?"

"सांगतो. एकादशीलाच."

"आधी वाजवा. मंग सांगा. नुसतं सांगून कोणी ऐकत नाही."

एकादशीला पेटीवाल्याने सवयीने पांढरी दोन धरली. मी म्हणालो, "पाच घे. हिला गौळण म्हणायची आहे."

तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "अन् तुही बासरी?"

"तू धर तर खरं."

ती पुढे येऊन बसली. पदर सारखा केला, डोळे मिटले नाहीत. ध्रुपद झालं. अंतऱ्याआधी पखवाजवाल्याचा हात जरा हलका झाला. जुन्या लोकांना ते आठवत असणार. माझं वरचं बोट अर्ध्यावर थांबलं. ती चढली. गेली वर, तिथे एक हरकत घेतली जी मी घरातही ऐकली नव्हती, आणि सावकाश समेवर उतरली. बायकांच्या बाजूने ध्रुपद असं उचललं गेलं की मला बासरी ऐकू येईना. मी वाजवतच राहिलो.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज तिचा अडला नव्हता, अडलो मी होतो, आणि पट्टी मीच बदलू दिली नव्हती.

"म्हंजे," पेटीवाला सावकाश म्हणाला, "इतकी वर्सं सारं गाव तुह्या बासरीमागं फिरलं, अन् बासरी वहिनीच्या पट्टीची?"

"हो."

"अन् आम्ही दोघांनी कारागिराचं नाव शोधून काढलं होतं."

पखवाजवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. हिनेही हसू लपवायला तोंडावर पदर घेतला. मग म्हणाली, "आता पांढरी दोन घ्या. बुवा लोकाईचे गळे वाट पाहून राह्यले." मी खालची तीन बोटं खाली ठेवली. तीच बासरी, दुसरं घर. अभंग सुरू झाला आणि एकही सूर मागे राहिला नाही.

पुढच्या एकादशीला मी माझ्या जागेवर बसलो, बासरी पुसली आणि सवयीने पेटीवाल्याकडे पाहिलं. त्याने भाता उघडला होता, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडे, बायकांच्या बाजूला बघत होता.

"वहिनी," त्याने विचारलं, "पट्टी?"

तिने घाई केली नाही. सतरंजीची मुडपलेली कड सरळ केली, शेजारणीला जरा सरकायला सांगितलं, आणि मग म्हणाली, "पाच."